कांद्याआधी दाजी परतले

दाजी माझ्याकडे राहायला आले त्याला तीन आठवडे झाले होते. त्यांचं घोरणं थेट जमिनीतून येतं. माझ्या खोलीच्या खिडकीचं एक दार अकरा वर्षं लागत नव्हतं; ते आल्याच्या तिसऱ्या सकाळी पाहिलं तर हादऱ्यांनी आपोआप चौकटीत जाऊन बसलेलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात अडवलं. "वर पिठाची गिरणी बसवलीत का?"

"नाही हो," मी म्हटलं, "मेव्हणे बसवलेत."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायच्या आधी मजकूर वाचायचा आणि लाल पेन्सिलीने चुका काढायच्या, एवढंच काम. माणूस निवृत्त झाला, पेन्सिल झाली नाही. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांना एक वेलांटी चुकलेली सापडली, तेव्हा तीनशेच्या तीनशे पत्रिका हाताने दुरुस्त करून मगच ते मांडवात आले. आक्का म्हणते, तेव्हाच उठून जायला हवं होतं, पण नवी चप्पल चावत होती म्हणून बसून राहिले.

ती चप्पल सेहेचाळीस वर्षं चावली. मग पाटीचं प्रकरण झालं.

आक्का शिवणाचा वर्ग घेते. सकाळी सहाजणी येतात, मशिनं खडखडतात, कापडाच्या चिंध्या थेट स्वयंपाकघरापर्यंत जातात. दारावरची जुनी पाटी उन्हाने उडाली म्हणून तिने नवी केली. फळी घासली, निळा रंग दिला, तीन दिवस बसून पांढरी अक्षरं काढली आणि कडेला सुई-दोऱ्याची वेल काढली. 'पडदे, फ्रॉक व उशांचे अभ्रे शिवुन मिळतील.' चौथ्या दिवशी सकाळी सहाजणी आल्या तर पाटीवर लाल ऑइलपेंटची रेघ. 'शिवुन'मधला उकार खोडलेला आणि समासात, म्हणजे वेलीच्या डोक्यावर, दीर्घ ऊकार काढून त्याला गोल केलेला.

सहाजणी हसल्या. एकीने फोटो काढला.

आक्काने आधी वर्ग घेतला, एकीला कॉलर शिकवली. एक वाजता सगळ्या गेल्यावर तिने दाजींची बॅग भरली. एका सदऱ्याचं बटण सैल होतं, ते आधी पक्कं शिवलं, मग सदरा बॅगेत घातला. नवऱ्याला घराबाहेर काढतानाही बटण लावून काढणारी बाई आहे ती. दाजी बॅग घेऊन माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "थाप्या, चूक तिची होती."

थाप्या म्हणजे मी. लहानपणी आक्कानेच ठेवलेलं नाव. का ठेवलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता माझी खोली एक, त्यात स्वयंपाकाचा ओटा आणि खिडकीजवळ टेबल. मी एकटा माणूस. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतःपुरतं रांधून खाल्लं. दाजींना घरी पाठवल्याशिवाय मला सुखाने खाता येणार नव्हतं, कारण मी भाजी हलवत असताना ते मागे उभं राहून मिठाच्या पुडीवरचा मजकूर मोठ्याने वाचत. शेवटी मी आक्काकडे गेलो.

"आक्का, झालं ते झालं. घेऊन जा त्यांना."

"मी नाही टाकून दिलेले. तुझ्याकडे ठेवलेत," ती मशिनीत दोरा ओवत म्हणाली.

"ते सुधारलेत."

"ते? ते दुसऱ्यांना सुधारतात." दोरा ओवला गेला. "हे बघ थाप्या. सेहेचाळीस वर्षं मी केलं आणि त्यांनी तपासलं. एकदा त्यांनी करावं. मी बघते."

"काय करावं?"

तिने थोडा विचार केला. "अंडी. ती मऊ मऊ, स्क्रॅम्बल का काय म्हणतात ती. आणि त्यात कांदा. पण असा घाईचा नाही. मंद आचेवर पाऊण तास घालून गोड केलेला, मधासारखा. मी केला की चार मिनिटांत खातात आणि म्हणतात, 'बरा आहे, एक तुकडा जाड राहिलाय.' त्यांच्या हातचा खाईन. नीट झाला तर बोलू. नाही झाला तर राहू देत तुझ्याकडे, मला काय, खोली मोकळीच बरी वाटते."

"कायमचे?" मी विचारलं.

"तुझी खिडकी लागली म्हणे. अजून काय काय लागेल कोण जाणे. आणि ऐक, तुझा हात लागता कामा नये. मला कळेल."

रविवारी सकाळी अकराला, माझ्या खोलीवर, असं ठरलं. अकरा ही वेळ चांगली. नाश्ता उशिरा झाला की आळस म्हणतात, जेवण लवकर झालं की हावरटपणा म्हणतात. दोन्ही एका ताटात वाढलं की लोक त्याला ब्रंच म्हणतात आणि हॉटेलात जाऊन खातात.

शनिवारी मी दाजींना शिकवणी दिली. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. 'स्क्रॅम्बल्ड' शब्द लिहिताना अडले, तीन तऱ्हांनी लिहून पाहिला, एकही पसंत पडला नाही, आणि शेवटी 'घोटीव अंडी' असं शीर्षक देऊन खाली दुहेरी रेघ मारली. मी म्हटलं, "दाजी, नाव काहीही ठेवा, पण कांद्याला घाई करू नका. कांदा म्हणजे जुनी लिफ्ट. बटण दाबून ठेवलं म्हणून लवकर येत नाही."

रविवारी नऊ वाजता त्यांनी माझा एप्रन बांधला. माझी सुरी एवढी धारदार आहे की कापलं गेल्याचं कांद्याला कळायच्या आत चिरून होतो, त्यामुळे माझ्या घरी डोळ्यांना पाणी येत नाही. दाजींना मात्र पहिल्याच कांद्याला धारा लागल्या. मी म्हटलं, असू दे, आतलं काही असेल. चार मोठे कांदे त्यांनी उभे, पातळ चिरले. एकेक काप उजेडात धरून बघत, जाड निघाला की पुन्हा मधून चिरत. छापखान्यात सुद्धा त्यांनी एवढं बारीक काम केलं नसेल. साडेनऊला जाड बुडाच्या पॅनमध्ये लोणी आणि चमचाभर तेल पडलं, त्यावर कांदा, त्यावर चिमूटभर मीठ. आच मंद. मी हात मागे बांधून उभा.

दहाला पाच कमी असताना कांदा मऊ पडला, काचेसारखा दिसायला लागला. आता खरं काम सुरू होतं. तळाला लागू द्यायचा, लागला की चमचाभर पाणी शिंपडून खरवडायचा, परत लागू द्यायचा. पण कोपऱ्यावरच्या बेकरीत रविवारी दहाला पाव निघतो आणि सव्वादहाला संपतो. मी म्हटलं, "दाजी, पाव घेऊन आलो. तुमच्या वहीत सगळं आहे."

"वहीत 'मऊ पडेपर्यंत' इथवरच आहे," दाजी म्हणाले. "त्यापुढचं तू सांगताना मी शीर्षक करत होतो."

"मग अक्कल आहे ना?"

हे वाक्य मी बोलायला नको होतं. वीस मिनिटांनी पाव आणि अंडी घेऊन परत आलो तर जिन्यातच वास आला. असा वास, की आमची लिफ्ट कुणी बटण न दाबता माझ्या मजल्यावर येऊन उभी होती, दार उघडं टाकून. लिफ्टला वास येतो, हे मी तीस वर्षांच्या नोकरीवरून सांगतो; फक्त ती बोलून दाखवत नाही.

आत गेलो. शेगडीवर पॅन होतं. पॅनमध्ये कांदा होता. दाजी नव्हते.

एप्रन घडी करून खुर्चीवर ठेवलेला. टेबलावर वहीचा कागद, त्यावर छापल्यासारख्या अक्षरात: 'तिचा निरोप आला. परततो आहे. आच मंदच आहे.'

'परततो आहे' वाचून मी पुन्हा पॅनकडे पाहिलं. कांदा होता, परतणारा कुठे होता? मोरीत पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस कांदा परतायला आणखी कुठे जाणार? मग कॉटखाली पाहिलं. बॅग नव्हती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, पण अर्धाच. दाजी घरी गेले होते. आक्काने बोलावलं होतं म्हणे. अकराला स्वतः इथे येणारी बाई सव्वादहाला त्यांना तिकडे का बोलावेल?

इकडे तळाला कांदा चर्र करायला लागला. आता ही खरी पंचाईत. हात लावला तर आक्काची अट मोडते, दाजी कायमचे माझ्याकडे. नाही लावला तर कांदा जळतो, दाजी कायमचे माझ्याकडे. मी उलथण्याच्या टोकाला धरलं, शक्य तेवढ्या लांबून, आणि चमचाभर पाणी शिंपडून कांदा खरवडला. तळाचं तपकिरी सगळं सुटलं आणि कांद्याला धरलं. सुरेख रंग येत होता. मला वाईट वाटलं, एवढा चांगला कांदा आणि मालक पळून गेलेला.

दार वाजलं. साडेदहाच झाले होते. दारात आक्का.

"बस लवकर मिळाली," ती म्हणाली आणि चपला काढून सरळ ओट्यापाशी आली. माझ्या हातातल्या उलथण्याकडे पाहिलं. "वा. हा कोण परततोय?"

"माझा हात नाही लागलेला," मी म्हटलं. "उलथणं लागलं."

"जिभेला हाड नाही मेल्या तुझ्या. ते कुठायत?"

मी सांगणार होतो की दाजी गच्चीवर कोंबडीला समजवायला गेलेत, ताजं अंडं हवं म्हणून. सुरुवातही चांगली झाली होती. पण आक्का नुसती बघत राहिली, तशी मी चिठ्ठी तिच्या हातात दिली.

तिने वाचली. दोनदा वाचली. मग पर्समधून फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली ओढला, आणि फोन माझ्यापुढे धरला. दाजींचा निरोप, नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटं. तीन आठवड्यांतला पहिला:

'कांदा पारदर्शक झाला आहे. मी येथे तुझी वाट पाहत आहे. आता मी काय करावे?'

त्याखाली आक्काचं उत्तर, एकच शब्द: 'परता.'

"बसमध्ये उभी होते," आक्का म्हणाली, "एका हाताने दांडी धरलेली. एवढंच टाइप करता आलं. कांद्याचं विचारलं, कांद्याचं सांगितलं. यात घरी पळण्यासारखं काय होतं?"

 मला हसू दाबायचं होतं आणि मी शेगडी बंद करायचं निमित्त केलं.

तिने फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पहिल्याच घंटेला दाजींनी उचलला.

"कुठे आहात?"

"दारात," दाजींचा आवाज आला, धापा टाकत. "टॅक्सीने आलो. कुलूप आहे. तू कुठे गेलीस?"

"मी कुठे गेले? मी थाप्याकडे उभीय, तुमच्या पॅनसमोर! मी म्हटलं कांदा परता. तुम्ही स्वतःच परतलात?"

 मग दाजी म्हणाले, "तू 'कांदा परता' म्हणाली नाहीस. तू 'परता' म्हणालीस."

"एकच ते!"

"एक नाही. वाक्यात कर्म नव्हतं. कर्म असतं तर क्रियापद सकर्मक झालं असतं, म्हणजे कांदा वगैरे. कर्म नाही तेव्हा ते अकर्मक. अकर्मक परतणे म्हणजे माघारी येणे. शिवाय कांद्याचं वाक्य पहिल्या पूर्णविरामापाशी संपलं होतं. शेवटचा प्रश्न मी माझ्याबद्दल विचारला होता."

"कर्म नव्हतं?" आक्का फोनवर वाकून म्हणाली. "कर्म माझं! फुटकं! चांगलं दिसेल एवढं मोठं!"

मला राहवलं नाही, मी खिडकीकडे तोंड केलं. पण मागून हसण्याचा आवाज आला नाही. दाजी बोलत होते, आणि आता धाप लागलेली नव्हती.

"म्हणजे तू मला बोलावलं नव्हतंस."

आक्काच्या पदराच्या टोकाशी उगाच एक दोरा निघाला होता, तो तिने ओढून तोडला.

"नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "कांदा अर्धा झालाय. या आणि पुरा करा."

"येतो," दाजी म्हणाले. "पाच मिनिटं थांबून निघतो. इथे एक काम आहे."

फोन ठेवल्यावर आक्का खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. मी पाव कापून पुढे केला, तिने घेतला नाही. कॉफी घेतली.

"कसे असतात रे इथे?" तिने कॉफीकडे बघत विचारलं.

"काय सांगू आक्का, नुसते रडतात. उशी पिळून वाळत घालतो मी रोज. खालच्या बाई विचारत होत्या, गळती कुठून होतेय म्हणून."

"खरं सांग."

खरं सांगायची मला सवय कमी, त्यामुळे जरा वेळ लागला. "औषधाच्या बाटल्यांवरचे कागद वाचतात," मी म्हटलं. "बारीक अक्षरातले. चूक सापडली की मान वर करून बघतात, कुणाला सांगावं म्हणून. मग मी दिसतो. मग पुन्हा कागदात मान घालतात."

 कॉफी संपल्यावर आक्का म्हणाली, "ऊकार त्यांचा बरोबरच होता. मला काय कळत नाही? पण तीन दिवस मी ती पाटी रंगवत होते थाप्या, पाठ मोडून. त्यांच्या समोर. निळा रंग छान आहे म्हणाले नाहीत. वेल चांगली जमलीय म्हणाले नाहीत. सकाळी उठून पहिलं काय दिसलं, तर माझा उकार." तिने कप खाली ठेवला. "छापखान्यात ठीक आहे. तिथे कुणाची पाठ मोडत नाही."

सव्वाअकराला दाजी आले. लिफ्ट अजून माझ्या मजल्यावरच हटून बसली होती, म्हणून चार मजले जिन्याने, हातात बॅग. बॅग त्यांनी दारातच ठेवली, आतही नाही आणि बाहेरही नाही. आक्काकडे पाहिलं, तिने ओट्याकडे बोट केलं. दाजींनी एप्रन बांधला.

मी शेगडी पेटवून दिली, एवढं अटीत बसायला हरकत नाही. बाकी सगळं त्यांनी केलं. कांदा पुन्हा तापला, तळाला धरला, त्यांनी पाणी शिंपडलं, खरवडला. हळूहळू, म्हणजे अगदी आमच्या पोटातले कावळे ओरडून ओरडून बसेपर्यंत, त्याचा रंग मधासारखा आणि मग मधाहून गडद झाला. आक्का खुर्चीतून उठली नाही. एकदाच म्हणाली, "आच." दाजींनी आच कमी केली आणि विचारलं नाही की का.

कांदा ताटलीत काढला. सहा अंडी फोडली. पाचवं अंडं जरा जास्तच जोरात आपटलं, मी पाहिलं, पण मी त्या दिवशी हातच लावायचा नव्हता तर तोंड कशाला लावू. मीठ, चमचाभर दूध, काट्याने फेटलं. पॅनमध्ये लोण्याचा तुकडा, आणि वर अंडी.

ही अंडी फसवी असतात. बघत राहिलं तर काही होत नाही, आणि नजर हटली की घट्ट. दाजी उलथण्याने कडेकडून मधे ओढत होते, मऊ मऊ घड्या पडत होत्या. "झाली का?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?" आक्का म्हणाली.

वहीत याचं उत्तर नव्हतं. दाजींनी मला विचारावं म्हणून मान थोडी वळवली, मी छताकडे बघत होतो. पॅनमधलं अजून ओलसर होतं, चमकत होतं. कुणीही म्हणालं असतं, कच्ची आहेत, आणखी अर्धा मिनिट ठेवा. दाजींनी पॅन उचललं आणि शेगडीपासून लांब नेलं. कांदा वर घातला, दोनदा खालीवर केला. पॅनच्या स्वतःच्या उबेने अंडी जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली.

तीन ताटल्या. पाव, लोणी. बारा वाजायला आले होते. आक्काने पहिला घास घेतला आणि चावायची थांबली. मला ऐकू आलं. दाजींना तर आलंच. कर्र.

तिने जिभेच्या टोकावरून कवचाचा कपचा काढला, ताटलीच्या कडेला ठेवला, आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. पावाचा तुकडा मोडून कांदा पुसून घेतला.

दाजींची नजर त्या कपच्यावरून हलेना. माणसाच्या आयुष्यात हजारो चुका नजरेखालून गेलेल्या, पण ही त्यांची स्वतःची होती. "पाचव्या अंड्यातला आहे," ते म्हणाले. "माझ्या लक्षात यायला हवा होता."

"हं," आक्का म्हणाली आणि खात राहिली.

"तू काही म्हणाली नाहीस."

"कांदा सुरेख झालाय," आक्का म्हणाली. "अगदी गोड. मला इतका जमत नाही, मी मधेच वैतागते."

दाजींनी काटा खाली ठेवला.  कान लाल झाले होते. सेहेचाळीस वर्षांत त्यांना कुणी असं रागावलं नव्हतं.

"पाटीखाली टिंबं देऊन आलोय," ते शेवटी म्हणाले.

"आता आणि काय केलंत माझ्या पाटीला?"

"'शिवुन'च्या खाली. पेन्सिलीने. रॉकेल नव्हतं, नाहीतर तांबडी रेघही पुसली असती."

"टिंबं म्हणजे?"

मला ठाऊक होतं, दाजींनीच कधीतरी सांगितलेलं. मी म्हटलं, "आक्का, छापखान्यातली खूण आहे. एखादी चूक काढली आणि मग वाटलं काढायला नको होती, तर त्या शब्दाखाली टिंबं देतात. म्हणजे केलेली दुरुस्ती रद्द. आहे तसं राहू द्यावं. दाजींनी चाळीस वर्षांत ही खूण कितीदा केली असेल?"

"दोनदा," दाजी म्हणाले. "दुसऱ्यांदा आज."

आक्काने हात पुसले. "म्हणजे माझं बरोबर होतं?"

आता कुणीही शहाणा माणूस काय म्हणेल? बॅग दारात, अंडी पोटात, बायको समोर आणि बरं बोलायच्या मूडमध्ये. मी टेबलाखालून दाजींच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला. दाजींनी पाय काढून घेतला.

"नाही," ते म्हणाले. "चूक आहे. 'शिवून'मधला ऊकार दीर्घच. पण राहू द्यावं."

मी डोळे मिटले.

आक्का हसली. हळू नाही, ती हसली की समोरच्याच्या ताटलीतला चमचा वाजतो. "बघ थाप्या," ती म्हणाली, "तू असतास तर बरोबर आहे म्हणाला असतास, आणि मी तुला जिन्यावरून खाली ढकललं असतं." मग ती दाजींकडे वळली, हसणं संपवून. "वेल कशी झालीय?"

दाजी विचारात पडले. पाटी डोळ्यांपुढे आणत होते बहुधा. "वेल मी पाहिली नव्हती," ते म्हणाले. "म्हणजे आधी. आज पाहिली. सुईचं नेढं सुद्धा काढलंयस. तिथपर्यंत मी कधी पोचलोच नाही."

"तेच तर."

तिने उरलेली अंडी दाजींच्या ताटलीत वाढली, माझ्या नाही. मग उठली, चपला घातल्या आणि दारातली बॅग पायाने थोडी बाहेरच्या बाजूला सरकवली.

"चला. पण एक सांगते. वर्ग दहा ते एक असतो, सोमवार ते शनिवार. तेवढ्या वेळात तुम्ही घरात नकोत. पोरी शिवताना कुणी मागे उभं राहून वाचलेलं मला चालणार नाही."

"वाचायला काय असतं शिवणात?"

"तुम्ही शोधून काढाल."

दाजींना ते पटलं असावं. एप्रन सोडता सोडता त्यांनी विचारलं, "मग दहा ते एक मी कुठे जाऊ?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं. दाजींनीही पाहिलं. मी पावाला लोणी लावत होतो, आणि मनातल्या मनात एखादी नोकरी आठवून बघत होतो, जी मला सहासष्टाव्या वर्षी, रोज दहा ते एक, घरापासून लांब मिळते. त्यांना सांगण्यासारखी एकही सुचली नाही.

"येताना अंडी घेऊन या," मी म्हटलं.